न नेलेला फोटो

लाइट आठला येईल. अंबरनाथच्या आमच्या बुवापाड्यात बाकी कशाचा भरवसा नाही, पण लोडशेडिंग अगदी वेळेवर असतं. तोवर ही मेणबत्ती पुरेल.

तुम्ही मघाशी विचारलंत, ऑफिसातल्या सगळ्यांची कुठल्या ना कुठल्या साइटवर अकाउंटं आहेत, शिपायाचंसुद्धा आहे, मग प्रीती, तुझंच का नाही? मी सगळ्यांना सांगते, वेळ नाही. फार सोयीचं उत्तर आहे ते. लोक साइट का सोडतात, ते विचारायच्या फॉर्मवर पहिल्या नंबरला छापलेलं होतं, आणि तो फॉर्म मीच झेरॉक्स करून आणला होता.

दोन हजार सातचा नोव्हेंबर, पंचवीस तारीख, रविवार. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये ‘भेटीगाठी डॉट कॉम’ नावाच्या साइटच्या ऑफिसात कामाला होते. मालकाचं नाव गिरीश. त्याने शनिवारीच माझ्या हातात बावीस नावांची यादी दिली होती. साइटवर नवीन येऊन लगेच अकाउंट बंद करून गेलेली माणसं. तेव्हा लोक साइटवर खरेखुरे पत्ते भरायचे, घर नंबर आणि मारुतीच्या देवळामागे वगैरे सगळं.

“फोन उचलत नाहीत,” गिरीश म्हणाला. “घरी जा. प्यार से पूछ. का सोडली, बस एवढंच. रविवारी लोक घरी भेटतात.”

रविवारी दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी मला घरात राहायचं नव्हतं.

का नव्हतं ते सांगते, पण आधी ते ऑफिस तुमच्या डोळ्यांपुढे यायला हवं. ऑफिस म्हणजे एका फोटो स्टुडिओची जुनी डार्करूम. स्टुडिओ गिरीशच्या वडिलांचा, लछमनदासांचा. सिंधी रिवाजाने सगळे त्यांना साई म्हणायचे. डिजिटल कॅमेरे आले, रोल धुणं बंद पडलं, तेव्हा गिरीशने त्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडले. भिंती काळ्या रंगवलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. खिडकी नव्हतीच. आणि वास. फोटो ज्या पाण्यात धुतात त्या हायपोचा आंबट वास भिंतीत मुरलेला होता. संध्याकाळी घरी येऊन केस सोडले की घरभर पसरायचा.

“सिंधीत साइट काढली तर उल्हासनगर संपलं की दुकान संपलं,” गिरीश म्हणायचा. “मराठीत दहा करोड पब्लिक आहे.”

पब्लिक यायचं. थांबायचं नाही. आठ दिवसांत जो तो निघून जायचा. त्यावर गिरीशने बराच विचार केला आणि खरं सांगायचं तर बरोबर केला. तो म्हणाला, “लग्नात ओळखीचं कोणी नसेल तर माणूस जेवून निघतो. आपल्याकडे तर जेवण पण नाही. कोणीतरी बोलायला पाहिजे ना त्याच्याशी.”

ते बोलणारे कोणीतरी म्हणजे आम्ही. मी, मीनल आणि आणखी एक मुलगी. तिघींच्या नावावर मिळून चाळीस खोटी माणसं होती. सैन्यातला जवान होता, नाशिकची शिक्षिका होती, दुबईला असलेला पण गावाची आठवण काढणारा एक होता. फोटो मात्र खरे होते. प्रत्येक स्टुडिओत एक पेटी असते, न नेलेल्या फोटोंची. लोक हौसेने फोटो काढून घेतात आणि न्यायला येत नाहीत. स्थळ मोडतं, फॉर्मची तारीख उलटते, भांडण होतं, माणूसच राहत नाही. साईंनी तीस वर्षांत त्यातला एकही फेकला नव्हता. “फोटो फेंकना नहीं चाहिए बेटा, आदमी का मुँह है,” असं म्हणायचे. मुलाने तेच चेहरे स्कॅन केले आणि त्यांना नवी नावं दिली. ज्यांना घरच्यांनी नेलं नाही, ते आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याचे मित्र झाले.

त्या पेटीत मला पाकीट सापडलं. नंबर तीनशे अठरा. वर साईंच्या अक्षरात, ‘भावना, बुवापाडा, दोन कॉपी.’

भावना माझी सख्खी बहीण. दोन वर्षांनी मोठी.

तिच्याबद्दल काय सांगू? घरी कोणीही आलं, गॅस पोचवणारा आला तरी ती म्हणायची, बसा ना, काय घाई आहे. मी शाळेत रागाच्या भरात पुस्तकं फाडायचे आणि ती रात्रीच्या भाताची शितं घेऊन एकेक पान चिकटवत बसायची. मला तिच्या या चांगुलपणाचा कंटाळा यायचा. आपल्याला कोणी सारखं सांभाळून घेतलं की आपण जास्तच वाईट वागतो, तसं माझं होतं.

दोन हजार पाचच्या जुलैत वालधुनी नदीचं पाणी घरात शिरलं आणि फोटोंची पेटी तीन दिवस पाण्यात राहिली. अल्बमचा लगदा झाला. कॉलेजचं आयकार्ड, हॉल तिकीट, सगळं त्यातच होतं. मतदार कार्ड तेवढं वाचलं, पण त्या फोटोत ती आहे की आमचे भगवानमामा आहेत हे आईलाही ओळखता आलं नाही. मग ऑक्टोबरात तिच्यासाठी एक स्थळ आलं आणि आईने तिला नवा फोटो काढायला पाठवलं. ती गेली आणि जाताना माझा मोरपंखी ड्रेस घालून गेली. मी शिकवणीच्या पैशांतून शिवलेला, एकदाही न घातलेला. मला न विचारता.

एवढंच झालं होतं. पावती माझ्याकडे दिली होती, कारण माझा कॉम्प्युटरचा क्लास कॅम्प तीनलाच होता. मी साईंच्या याच स्टुडिओच्या दारात पावतीचे चार तुकडे केले आणि गटारात टाकले. घरी येऊन सांगितलं, अजून तयार नाही. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. भावना रोज विचारायची, “प्रीती, आणशील ना गं?” आणि मी म्हणायचे, “आणते म्हटलं ना.”

नोव्हेंबरात तिला कावीळ झाली. दहा दिवसांत गेली.

आमच्यात पुण्यानुमोदनाला भंतेजी येतात, तेव्हा बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. त्यापुढे फुलं, मेणबत्त्या. आईने मला त्या सकाळी स्टुडिओत पाठवलं. पावती नव्हती. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून त्या दुकानाकडे बघितलं आणि परत आले. म्हटलं, “आई, त्यांचा रोल खराब झाला.” आईने त्या स्टुडिओवाल्याला पोटभर शिव्या घातल्या. फोटोच्या जागी पाट रिकामा ठेवला. भंतेजींनी रिकाम्या पाटापुढे गाथा म्हटल्या.

आता सांगा, दोन वर्षांनी ते पाकीट हाताला लागल्यावर मी काय करायला हवं होतं? घरी न्यायचं होतं. तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. पण नेलं असतं तर आईने विचारलं असतं, रोल खराब झाला होता ना? मी कुठे काम करते हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. नुसतं ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून सांगितलं होतं. मी पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात गिरीशला कल्पना सुचली. नवीन माणसाने अकाउंट उघडलं की त्याच क्षणी त्याला एक मैत्रीण आपोआप मिळायला हवी. “एक चांगला चेहरा दे,” तो मला म्हणाला, “बघून वाटलं पाहिजे, घरातली आहे.”

मी भावनाचा दिला. नावही तेच ठेवलं. मनाची समजूत काय घातली असेल? की कुठेतरी तर लागेल तिचा फोटो. कोणीतरी बघेल. पहिला मेसेज आपोआप जायचा, तोही मीच लिहिला. ‘मी भावना. पहिल्यांदाच आलात ना? बसा ना, काय घाई आहे?’

महिनाभर लोक थांबले. गिरीशने सगळ्यांना दाल-पकवान खिलवलं. मग माणसं जायला लागली. आधी आठव्या दिवशी जायची, आता चौथ्या दिवशी. येणारा जवळपास प्रत्येक जण बरोबर चौथ्या दिवशी अकाउंट बंद करून जायचा.

त्या बावीस जणांची यादी घेऊन मी त्या रविवारी निघाले. आईने चहा देताना सांगितलं, “भंतेजी पाचला येतील. लवकर ये.” भावनाला जाऊन त्या दिवशी दोन वर्षं होत होती. मी म्हटलं, बघते. मला तो रिकामा पाट पुन्हा बघायचा नव्हता.

पहिलं घर कुळगावात होतं. वृंदा नावाच्या शाळेतल्या बाई. फॉर्म बघून हसल्या, सरबत केलं. म्हणाल्या, “वेळ नाही, असं लिही.” मी लिहिलं. मी उठायला लागले तेव्हा त्या सरबताचा ग्लास हातात फिरवत हळूच म्हणाल्या, “ती तुमची भावना… बरी आहे का आता?”

“का हो?”

“आजारी आहे ना ती. मला लिहायची, आज डोळे फारच पिवळे झालेत, आरशात बघवत नाही. फोटोत तरी बरी आहे ना मी?” त्या थांबल्या. “मी काय उत्तर देणार? ओळख ना पाळख. मला रात्री झोप लागेना. म्हटलं, नकोच ते.”

बाहेर पडल्यावर मी पीसीओवरून मीनलच्या घरी फोन लावला. मला वाटलं तिचा हात असेल, तिला असल्या गमती सुचायच्या. पण मीनलला भावना माझी बहीण आहे हेच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “त्या अकाउंटवर कोणीच बसत नाही. पहिला मेसेज जातो तेवढाच. पासवर्ड तुझ्याकडेच आहे ना?”

माझ्याकडेच होता. आणि आमच्या बाजूने बघितलं तर तिच्या अकाउंटमधून पहिल्या मेसेजपलीकडे काही गेलेलं दिसायचं नाही. ते मी स्वतः दर शनिवारी तपासायचे.

दुसरं घर बदलापूर गावात, तळ्याच्या अलीकडे. बाळाजीकाका, रिटायर हेडक्लार्क. जुने शाळासोबती सापडतील म्हणून साइटवर आले होते. दुपारचे साडेबारा वाजले होते, आळीत मासे तळल्याचा वास होता, शेजारी रेडिओ चालू होता. भीती वाटावी असं काहीही तिथे नव्हतं. काकांनी फॉर्म नीट वाचला आणि ‘इतर’वर बोट ठेवलं.

“आमची सवय, बाळ. आलेलं पत्र उतरवून ठेवायचं.” त्यांनी एक वही काढली. आवक क्रमांक, तारीख, मजकूर, असे कॉलम आखलेले. वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

पहिला दिवस. ‘बसा ना, काय घाई आहे?’

दुसरा दिवस. ‘तुम्ही कुठले? आमचं बुवापाडा.’

तिसरा दिवस. ‘एक काम सांगू? माझा फोटो स्टुडिओतून आणायचा राहिलाय. घरी नेऊन द्याल?’

चौथा दिवस. ‘प्रीती आणते म्हणाली होती.’

मी ती ओळ कितीदा वाचली ठाऊक नाही. रेडिओ चालू होता आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. नाकात तो आंबट वास आला. हायपोचा. त्या घरात, तळलेल्या माशांच्या वासातून.

“पोरगी चांगल्या घरची वाटली,” काका म्हणाले. “पण म्हटलं, कशाला लचांड गळ्यात घ्या. आपण बरं, आपलं घर बरं.” मग चष्मा वर करून विचारलं, “तुझं नाव काय म्हणालीस?”

“मीनल,” मी म्हटलं.

त्यानंतर मी गावातली पाच घरं केली. कसं केलं ते विचारू नका, पाय चालत होते. प्रत्येकाने आधी फॉर्मवरचं एक कारण सांगितलं. वेळ नाही, नेट महाग. आणि मग उंबऱ्यापाशी आवाज खाली आणून दुसरं. कोणी म्हणालं, काम सांगत होती. कोणी म्हणालं, गळ्यातच पडली. पाचही जणांना तिने फोटो आणायचं तेच काम सांगितलं होतं, आणि स्टुडिओ त्यांच्यापासून दोन स्टेशनांवर होता.

त्या दिवसाचं शेवटचं नाव बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराखालच्या पाड्यावर. रविना. एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला जायची, बदलापूरच्या सायबर कॅफेतून अकाउंट उघडलेलं. सिक्स सीटर रिक्षाने फाट्यावर सोडलं तेव्हा तीन वाजून गेले होते. भात कापून झालेलं, खळ्यावर पेंढ्याचा ढीग. तिची आई चंद्रीबाई सूप घेऊन पाखडत होती. रविना ओटीवर आली, माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “तुम्ही प्रीतीताई ना?”

मी फॉर्मची घडी उलगडली.

“फोटोतल्या ताईसारख्या दिसता. सेम नाक.”

“कुठला फोटो?”

“मी आणला ना तो. मागच्या शनिवारी. बुवापाड्यात तुमच्या आईला नेऊन दिला.” तिने आईकडे बघितलं. “मी नाही म्हणत होते. कॅफेतले सगळे बोलले, फ्रॉड असतं असलं. पण आई ऐकेना.”

चंद्रीबाईने सूप खाली ठेवलं. “निरोप घेतला का तो आंगावर ऱ्हातो बाय. पोचवस्तवर उतरत नाय. जिता माणूस सांगू दे नायतर दुसरा कोन सांगू दे. पोरीनं वाचला म्हंजे घेतलाच की.”

“पावतीशिवाय दिलं त्यांनी?” माझा आवाज मला परका वाटला.

“पावती होती,” रविना म्हणाली. “ती बोलली, पावती पाठवते. दुसऱ्या दिवशी मी कॅफेत बसले, तर कीबोर्डच्या खाली होती. चार तुकडे… शितांनी चिकटवलेले.”

“वला व्हता कागूद,” चंद्रीबाई म्हणाली. “मी दोन दिस उन्हात ठिवला, वर दगूड ठिवून. सुकंना.”

खळ्यावर वारा पडला होता. एक कोंबडी पेंढ्यात उकरत होती, तेवढाच आवाज. मी विचारलं, मग साइट का सोडलीस? फॉर्म माझ्या हातात होता, आणि खरं म्हणजे दुसरं काय विचारावं ते मला सुचत नव्हतं.

“मी तिला लिहिलं, फोटो पोचला. तर ती बोलली…” रविनाने ओढणी बोटाला गुंडाळली. “बोलली, बसा ना, काय घाई आहे. मग मी उठले. आईने सांगितलंच होतं, निरोप पोचवला की तिथे बसायचं नाही.”

मी घरी गेले नाही. आधी उल्हासनगरला गेले. साई रविवारीही दुकान उघडायचे. डार्करूममध्ये जाऊन मी ड्रॉवरचं कुलूप काढलं. किल्ली माझ्या गळ्यात असायची. ड्रॉवर रिकामा होता.

“तीन सौ अठारह?” साईंनी रजिस्टर काढून दाखवलं. शनिवार, रविनाची सही. “लड़की पावती लाई थी. मैंने दे दिया. दो साल बाद कोई आया, मुझे तो अच्छा लगा.”

“साईं, पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. कुलपात.”

“नहीं बेटा.” त्यांनी मागच्या पेटीकडे हात केला. “उधर था, जहाँ रहता है. मैंने अपने हाथ से निकाला.”

अंबरनाथला उतरले तेव्हा सात वाजले होते आणि लाइट गेली होती. भंतेजी येऊन गेले होते. शेजारच्या बायकाही गेल्या होत्या. ओसरीत चपला नव्हत्या. आत मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि पाटावर भावना होती. माझा मोरपंखी ड्रेस घातलेली, केस एका बाजूला घेतलेली, हसू दाबत असलेली. फोटोग्राफर काहीतरी म्हणाला असेल. घरात तो आंबट वास भरून राहिला होता. माझे केस तर बांधलेले होते.

आई पाटासमोर बसली होती. मागे वळली नाही.

“भंतेजी विचारत होते, धाकटी कुठे आहे.”

“काम होतं.”

“आठ दिवस झाले हा फोटो येऊन,” आई म्हणाली. “गादीखाली ठेवला होता. म्हटलं, प्रीतीची वाट बघू. आज सांगेल, उद्या सांगेल. दुसरं वर्ष आहे, निदान आज तरी सांगेल.” तिने पावती उचलली. साई पावती पाकिटाला टाचणी लावून परत देतात, पुन्हा कॉपी हवी असेल तर नंबर लागतो म्हणून. आई चौथी शिकलेली आहे, बोट फिरवत वाचते. “सतरा ऑक्टोबरला तयार होता.”

“हो.”

“ती पंचवीस नोव्हेंबरला गेली.”

“हो.”

आईने पावती पाटावर ठेवली. मला वाटलं ओरडेल, मारेल. तिने मारलं असतं तर मी सुटले असते.

“ड्रेस तुझा आहे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “एवढ्यासाठी?”

आई आता कामापुरतं बोलते. जेवलीस का विचारते आणि उत्तराला थांबत नाही. पोटातलं सगळं फोटोशी बोलते. आत्ता विहारात गेलीय, म्हणून तर मी तुमच्याशी एवढं बोलू शकले.

साइट पुढे चार महिन्यांत बंद पडली. गिरीशने मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. उरलेली घरं मी पुढच्या रविवारी करून त्याला बावीसही फॉर्मचा अहवाल दिला होता. सगळीकडे लिहिलं होतं, वेळ नाही. नवीन माणसं साइट का सोडतात यावर तो शेवटपर्यंत डोकं खाजवत राहिला. कोणी बोलत नाही म्हणून सोडतात, असं त्याला वाटायचं. मी सांगते तुम्हाला. कोणीतरी खरंच बोलायला लागतं म्हणून सोडतात. ओळखी सगळ्यांना हव्या असतात, काम सांगणारं माणूस कोणालाच नको असतं. एकवीस जणांना तिने साधा फोटो आणायला सांगितला आणि एकवीस जण उठून गेले. बाविसावीने आणला, ते तिच्या अडाणी आईला निरोपाचं ओझं कळत होतं म्हणून. आणि त्या एकवीस जणांच्या आधी, सगळ्यांत पहिली, मी उठून गेले होते.

तो बघा, तसबिरींच्या खाली. हो, तोच ड्रेस. फ्रेम आईने करून घेतली. दर रविवारी ती मीच पुसते, ते काम आईने मला दिलंय, न बोलता. पावती फ्रेमच्या मागे अडकवलेली आहे. मेणबत्ती जरा इकडे घ्या. हे चार तुकडे, आणि ही मधली शितं. दोन उन्हाळे गेले यावरून. मी गच्चीवर वाळत घातली, इस्त्री फिरवली, एकदा तव्यावर धरली.

बोट लावून बघा. अजून ओली आहेत. आणि गरम.